सहा की नऊ?

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत सीनियर प्रोजेक्ट मॅनेजरच्या मुलाखतीला एक प्रश्न हमखास येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. 'सेल्सने क्लायंटला सहा महिने कबूल केलेत. तुमचा अंदाज नऊ महिन्यांचा आहे. काय कराल?' प्रश्न उत्तम आहे. घोटाळा आहे तो पॅनेलला हव्या असलेल्या उत्तरात. 'स्कोपचे टप्पे पाडीन, काही कामं समांतर चालवीन, चार माणसं वाढवून घेईन, टीमला विश्वासात घेईन' असं सांगणारा पुढच्या फेरीत जातो. 'नऊ लागणार असतील तर ते क्लायंटला आजच सांगायला हवं, आणि सांगताना सेल्सच्या माणसाने माझ्या शेजारी बसायला हवं' असं म्हणणाऱ्याच्या नावापुढे कुणीतरी 'फ्लेक्झिबल नाही' असा शेरा मारून मोकळं होतं.

यातली चार माणसं वाढवण्याची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम करवून घेताना फ्रेड ब्रुक्स यांना जे दिसलं, त्यावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे त्यांचं निरीक्षण. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस कामावरून उठवावा लागतो, आणि डोकी जितकी वाढतात त्याहून कितीतरी वेगाने त्यांच्या आपसातली बोलणी वाढतात. हे पॅनेलवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. काहींनी ते पुस्तक ज्युनियरांना वाढदिवसाला भेटही दिलेलं असतं. तरी मुलाखतीच्या खोलीत माणसं वाढवणारा उमेदवार 'सोल्यूशन-ओरिएंटेड' ठरतो.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, आणि माझी तक्रार अशी आहे की सीनियर जागेची मुलाखत कामाच्या नेमक्या उलट गुणाची पारख करते. कनिष्ठ पातळीवर वेळापत्रक आखणं, कामं वाटणं, पाठपुरावा करणं हे काम असतं. वरच्या पातळीवर ते सगळं करायला दुसरी माणसं असतात, आकडे गोळा करायला पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) असतं. सीनियर माणसाला पगार मिळतो तो वाईट बातमी इतरांच्या आधी ओळखण्याचा, आणि ज्याला ती ऐकायची नाही त्याला ती वेळेत ऐकवण्याचा. दर आठवड्याच्या अहवालात लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग असतात. प्रत्यक्षात खाली कोड चालत नसतो, टेस्टिंगला डेटा मिळालेला नसतो, आणि वर जाता जाता प्रत्येक पायरीवर रंग थोडाथोडा हिरवा होत जातो. अशा प्रकल्पाला या धंद्यात कलिंगड म्हणतात. वरून हिरवा, कापला की लाल. चांगला सीनियर मॅनेजर म्हणजे ते गो-लाइव्हच्या चार महिने आधी कापणारा माणूस.

मुलाखतीत मात्र संपलेल्या प्रकल्पाची गोष्ट विचारतात. तीही ठरलेल्या साच्यात: परिस्थिती काय होती, जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'स्टार' पद्धत म्हणतात. ती तयार करून देणारे क्लास आहेत, व्हिडिओ आहेत, आता चॅटबॉटही आहेत. क्लायंटशी झालेला संघर्ष, ऐन वेळी सोडून गेलेला आर्किटेक्ट, वाढलेला स्कोप, अशा चार-पाच गोष्टी घोटून ठेवल्या की बहुतेक पॅनेलं निभावतात. गोष्टीचा शेवट ठाऊक असल्यामुळे मधला प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच वाटतो. नशिबाचा वाटा किती, क्लायंटच्या समंजसपणाचा किती, रात्रभर जागलेल्या दोन टेस्टरांचा किती, हे त्या साच्यात कुठेच मांडता येत नाही. पॅनेलवर असताना एका बँकेच्या मायग्रेशनचं यश दोन निरनिराळ्या उमेदवारांनी आपापलं म्हणून सांगितलेलं मी ऐकलं आहे. एक व्हेंडरकडचा होता, दुसरा बँकेकडचा. दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि दोघांपैकी कुणामुळे ते काम तडीस गेलं हे त्या पाऊण तासात कळायचा काही मार्ग नव्हता.

त्यातही मराठी उमेदवाराची एक वेगळी पंचाईत होते. स्वतःची टिमकी वाजवू नये हे बाळकडू. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आत्मस्तुती करणारा येतो, हे आजीने ऐकवलेलं असतं. पॅनेलला त्या संकोचात 'ओनरशिपचा अभाव' दिसतो. यावर उपाय म्हणून सगळ्यांनी टिमकी वाजवायला शिकावं, असं सांगणारे समुपदेशक पुष्कळ आहेत. मला तो उपाय पटत नाही. टिमकी ऐकून माणूस निवडणाऱ्यांचं काहीतरी चुकतंय, असं मला वाटतं.

जगात प्रकल्प खरोखर कसे संपतात ते पाहिलं की मुलाखतीतल्या या यशाच्या गोष्टी आणखी संशयास्पद वाटू लागतात. बेंट फ्लुब्यर्ग या डॅनिश अभ्यासकाने धरणं, रेल्वे, ऑलिंपिक, आयटी अशा सोळा हजारांहून अधिक मोठ्या प्रकल्पांची माहिती जमवली. २०२३ सालच्या 'हाउ बिग थिंग्ज गेट डन' या पुस्तकात (सहलेखक डॅन गार्डनर) तिचा निष्कर्ष आहे. ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या वेळेत पूर्ण झालेले प्रकल्प ८.५ टक्के. खर्च, वेळ आणि ठरलेला फायदा ही तिन्ही गणितं जुळलेले अर्धा टक्का, म्हणजे हजारात पाच. मोठ्या प्रकल्पांचा हा हिशेब हिंजवडीतल्या सहा महिन्यांच्या कामाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे मान्य. पण माझ्यासमोर आलेल्या बायोडेटांत 'ऑन टाइम, विदिन बजेट' नसलेला बायोडेटा मला आठवत नाही. त्या साडेआठ टक्क्यांतले सगळेच्या सगळे प्रकल्प आमच्याच उमेदवारांनी केले, असं मानणं जड जातं.

आणि वेळ-बजेट पाळलं म्हणजे तरी काय सिद्ध होतं? कॅनडाच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फीनिक्स' नावाची नवी पगारव्यवस्था सुरू केली. जवळपास तीन लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार तिच्यावर होते. कुणाला कमी पगार आला, कुणाला जास्त, कुणाला आलाच नाही; निस्तरण्याचा खर्च मूळ खर्चाच्या कितीतरी पुढे गेला. २०१८ साली तिथल्या महालेखापरीक्षकांनी याचा अहवाल दिला. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी बजेट आणि तारीख एवढंच डोळ्यांपुढे ठेवलं होतं. त्यासाठी काही महत्त्वाच्या सोयी गाळल्या, एका खात्यात आधी चालवून पाहायचा प्रयोग रद्द केला, आणि यंत्रणा तयार असल्याचं वर कळवलं. आता अशी कल्पना करा की त्यांच्यापैकी एखाद्याने सुरुवातीच्या त्याच आठवड्यात नोकरी बदलण्यासाठी मुलाखत दिली असती. प्रचंड व्याप्ती, अपुरं बजेट, ठाम तारीख, आणि ती पाळून दाखवली! कुठल्याही पॅनेलने त्याला डोळे मिटून घेतला असता.

उलट बाजूला सिडनीचं ऑपेरा हाउस आहे. १९६३ मध्ये संपायचं ते १९७३ मध्ये संपलं, सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला, आणि वास्तुविशारद योर्न उट्झन १९६६ मध्येच काम सोडून निघून गेले. आज ती इमारत त्या शहराची ओळख आहे. म्हणून खर्चाचं सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. ते पैसे लोकांच्याच खिशातून आले होते. पण 'निकाल काय लागला' या प्रश्नाचं उत्तर कुठल्या साली विचारता यावर अवलंबून असतं, आणि मुलाखत नेहमीच फार लवकर विचारते.

आपल्याकडचं उदाहरण कोकण रेल्वेचं. ई. श्रीधरन १९९० साली रेल्वेतून निवृत्त झाले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्याकडे ही जबाबदारी आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास लोहमार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. उद्दिष्ट पाच वर्षांचं होतं. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटलं. पेडण्याच्या बोगद्यात ओली, भुसभुशीत माती पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. सह्याद्रीचा कातळ फोडणं त्यापुढे सोपं ठरलं. संपूर्ण मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. वेळापत्रकाच्या रकान्यात हा प्रकल्प उशिराचा आहे. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, तिथे तो दुसऱ्याच रकान्यात आहे.

तेच श्रीधरन पासष्टाव्या वर्षी दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. १२ जुलै २००९ रोजी झमरुदपूरला बांधकाम चालू असलेला मेट्रोचा पूल कोसळून कामगार दगावले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, हे पुढचं. हा प्रसंग कुठल्या 'स्टार' उत्तरात बसवणार? आणि खरं सांगायचं तर आजच्या रिक्रूटरच्या चाळणीतून अठ्ठावन्न वर्षांचा बायोडेटा पॅनेलपर्यंत पोचलाच नसता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'एनर्जी मॅच होत नाही' असं गुळमुळीत कळवण्याची पद्धत आमच्याकडे रूढ आहे.

वयाचा निघाला म्हणून आणखी दोन प्रश्न उरकून टाकते. बाईला विचारतात, 'घरी कोण असतं?' अमेरिकन क्लायंटचे रात्रीचे कॉल तुम्ही घेऊ शकाल का, हे सरळ विचारायची हिंमत नसते म्हणून हा आडवळणी प्रश्न. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, आणि तेव्हापासून हा प्रश्न कमी झाला नाही, फक्त जास्त गोड आवाजात येऊ लागला. पुरुषाला घरी कोण असतं याची चौकशी मी अजून ऐकलेली नाही. दुसरा प्रश्न सध्याच्या पगाराचा. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला आधीचा पगार विचारायला मनाई केली आहे, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत ती आधीपासून आहे. आपल्याकडे मात्र रिक्रूटरचा पहिला फोनच 'करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड' या त्रिसूत्रीने सुरू होतो. प्रकल्प सांभाळता येतो की नाही, याच्याशी या तिन्हींचा काडीचा संबंध नाही.

यापेक्षा गंभीर दोष असा की जागा जितकी मोठी, तितकी मुलाखत ढिली. फ्रेशरला अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, कोडिंग टेस्ट, गटचर्चा. शंभर माणसांचा आणि कोट्यवधींचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्याशी कॉफी पीत गप्पा. पहिली दहा मिनिटं आयआयटी की सीओईपी, मग दोघांच्या ओळखीचा एखादा माजी बॉस, मग 'तुमची लीडरशिप स्टाइल काय?' बाहेर आल्यावर पॅनेल म्हणतं, 'माणूस चांगला वाटला.'

'वाटला' याची किंमत किती, यावर भरपूर संशोधन आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला होता. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ती गणितं नव्याने तपासून दुरुस्त केली. शून्य म्हणजे मुलाखतीचा आणि पुढच्या कामाचा काही संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत, अशी मोजपट्टी धरली तर सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा आकडा ०.४२ आला, मोकळ्या गप्पांचा ०.१९. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा तर शून्याच्या जवळपास. '१५ प्लस वर्षांचा अनुभव अनिवार्य' असं जाहिरातीत ठळक छापणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

यावर ठरलेला आक्षेप असा की सीनियर माणसाची परीक्षा घेणं हा त्याचा अपमान आहे, आणि माणूस ओळखायला अनुभवी नजर लागते. डॅनियल कानेमन यांनी १९५० च्या दशकात, ऐन विशीत, इस्रायली सैन्याची निवड-मुलाखत बदलली तेव्हा त्यांच्या मुलाखतकारांनीही हेच ऐकवलं होतं: आम्हाला यंत्रमानव करताय. कानेमन यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी वस्तुस्थितीचे प्रश्न लिहून दिले आणि एकेक गुण स्वतंत्रपणे मोजायला सांगितलं. मुलाखतकारांच्या समाधानासाठी शेवटी एक सवलत दिली. सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि हा सैनिक कसा निघेल त्याला एक आकडा द्या. तो आकडाही उपयोगी ठरला, याचं खुद्द कानेमन यांना आश्चर्य वाटलं. नजर कामाची असते, पण आधी माहिती घेऊन मग वापरली तर. आमच्याकडे ती हस्तांदोलनाच्या वेळीच वापरून संपते.

मग मुलाखत कशी घ्यावी? माझ्या मते उमेदवाराला एक न संपलेला प्रकल्प द्यावा. कंपनीतल्याच एखाद्या जुन्या, बंद झालेल्या कामाची नावं बदलून फाइल करावी: सलग चार आठवड्यांचे स्टेटस रिपोर्ट, करारातलं दंडाच्या अटीचं पान, रिस्क रजिस्टर, क्लायंटच्या ऑपरेशन्सकडून आलेली एक त्रासिक ईमेल. तास द्यावा. चारही अहवाल हिरवे आहेत, पण इंटिग्रेशन टेस्टिंग चारही आठवडे 'नव्वद टक्के पूर्ण' आहे, हे कुणाच्या लक्षात येतं? रिस्क रजिस्टरमध्ये सगळ्यांत मोठ्या जोखमीसमोर जबाबदार म्हणून 'टीम' लिहिलंय, म्हणजे कुणीच जबाबदार नाही, हे कोण टिपतं? यूएटीची, म्हणजे क्लायंटने स्वतः करायच्या चाचणीची, तारीख ठरली आहे पण त्यासाठी लागणारा डेटा क्लायंटकडून कधी येणार याचा उल्लेखच नाही, हे कोण विचारतं? जे कागदावर नाही त्याबद्दल उमेदवार किती आणि कसे प्रश्न काढतो, यावरून मला दहा 'स्टार' गोष्टींपेक्षा जास्त कळेल. मग पॅनेलमधल्या एकाने संतापलेला क्लायंट व्हावं आणि म्हणावं, 'आता हे मला सांगा.' बोलण्याचं कौशल्य हवंच. फक्त ते खऱ्या ओझ्याखाली बघावं.

याचा गैरवापर होतो, हे ठाऊक आहे. चालू प्रकल्पाचा प्रश्न घालून 'पहिल्या नव्वद दिवसांचा आराखडा' घरून करून आणायला सांगायचा, पाच उमेदवारांचे आराखडे जमवायचे आणि जागा भरायचीच नाही, असे फुकट सल्लागार गोळा करणारे महाभागही आहेत. म्हणून प्रकल्प बंद झालेलाच हवा, सगळ्यांना तीच फाइल हवी, आणि काम खोलीतच, तासाभरात संपायला हवं. शिवाय उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या दोघांशी बोलावं. आज बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणजे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदवीचं प्रमाणपत्र आणि घरचा पत्ता. लाल अहवाल घेऊन आलेल्या ज्युनियरशी हा माणूस कसा वागला, हे फक्त तो ज्युनियरच सांगू शकतो.

हे सगळं अवघड नाही, खर्चिकही नाही. तरी होत नाही. बरीच वर्षं मी याचं कारण आळस मानत होते. आता मला वाटतं की पुष्कळ कंपन्यांच्या दृष्टीने मुलाखत ठाकठीक चालली आहे. त्यांना नऊ म्हणणारा माणूस नकोच असतो. करारावर सही झाल्याशिवाय सेल्सला इन्सेंटिव्ह नाही, तिमाहीचा आकडा गाठल्याशिवाय डिलिव्हरी हेडला बढती नाही, आणि नऊ महिन्यांचं खरं बिल येईपर्यंत यातली निम्मी माणसं दुसऱ्या कंपनीत गेलेली असतात. सहा म्हणणारा मॅनेजर निवडला जातो कारण आत गेल्यावर त्याला तेच म्हणत राहायचं असतं. बाहेरून चूक वाटणारी ही निवड त्या कंपनीच्या मापाने अचूक असते.

म्हणून उमेदवाराने त्या पाऊण तासात स्वतःही मुलाखत घ्यावी. सीनियर जागा नव्याने निर्माण होण्यापेक्षा रिकामी होऊन आलेली असण्याची शक्यता अधिक, आणि ती बहुतेकदा आजारी प्रकल्पाच्या मध्यावर रिकामी होते. या जागेवर आधी कोण होतं आणि का गेलं? सेल्सला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? गेल्या वर्षी इथे प्रकल्प लाल आहे असं कुणी कळवलं, आणि ती व्यक्ती आता काय करते? पन्नाशीला टेकलेल्या, गृहकर्जाचे हप्ते चालू असलेल्या आणि हातात एकच ऑफर असलेल्या माणसाला हे विचारणं जड जाईल. त्याने नाही विचारलं तरी मी त्याला दोष देणार नाही. पण आयटीत नोटीस पीरियड बहुधा ९० दिवसांचा असतो. एरवी तो पगाराची घासाघीस करण्यात आणि दुसरी ऑफर शोधण्यात जातो. त्यातली एक संध्याकाळ काढून आधीच्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठावं आणि चहाला बोलवावं. लोक सहसा येतात, आणि सोडलेल्या प्रकल्पाबद्दल मुलाखतीत बोलतात त्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोलतात.